इंजिनबदल, भाग ७ : ट्रकचं इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स

मागच्या भागात ट्रकचं डिझेल इंजिन चासीवर बसवलं, माउंटिंगची रबरं आणि रेडिएटर यांचा हिशेब पुरा केला. आता त्याच्या पाठीला काय लावायचं? क्लचवाला साधा गिअरबॉक्स लावला, तर जोडीतल्या बऱ्याच उणिवा चालकाचा डावा पाय सांभाळून घेतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तो पाय नसतो. इंजिन आणि बॉक्स यांचं जे काही जमायचं ते आधी कागदावर जमवावं लागतं. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘बॉक्स एवढी ताकद सोसेल का?’ तो विचारायलाच हवा, पण त्याच्याही आधी विचारायला हवं की हे इंजिन कोणत्या आरपीएमवर काम करतं. माझ्या मते फसलेल्या बहुतेक जोड्या इथेच फसतात.

डिझेल इंजिनं सगळी एका जातीची नसतात. आपल्याच पट्ट्याशी नातं असलेली दोन इंजिनं घेऊ. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या परवान्याने ओएम ६१६ कुळातलं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन बनवलं. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमधून ते महाराष्ट्रातल्या गावोगावी पोचलं. जर्मनीत हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होतं आणि तिथे त्याला कारखान्यातूनच चार गिअरचा स्वयंचलित बॉक्स मिळत असे. ताकद ७२ अश्वशक्ती, तीही ४,४०० आरपीएमला. दुसरं इंजिन कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, ६बीटी. टाटा कमिन्स ही कंपनी १९९३ मध्ये जमशेदपूरला निघाली, पुढे फलटणलाही तिचा कारखाना झाला, आणि टाटांच्या ट्रकवर ‘टीसी’ ही अक्षरं दिसू लागली. अमेरिकेत हेच इंजिन १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये आलं : २,५०० आरपीएमला १६० अश्वशक्ती आणि १,७०० च्या आसपास सुमारे ५४० न्यूटन-मीटर टॉर्क. एक इंजिन ४,४०० पर्यंत पळतं, दुसऱ्याचं काम २,५०० ला संपतं. पेट्रोल मोटारीचा बॉक्स पहिल्याला थोड्या फेरफारांनी चालू शकेल. दुसऱ्याला लावायचा तर त्याची आतली समजूतच बदलावी लागते. डॉजने लावलेला तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ७२७ हा बॉक्स १९६२ पासूनचा, मोठ्या पेट्रोल इंजिनांसोबत वाढलेला. बॉक्सचं घराणं तेच राहिलं, पण डिझेलसाठी त्याचा टॉर्क कन्व्हर्टर कमी आरपीएमला धरणारा घ्यावा लागला.

कन्व्हर्टर समजला की अर्धं काम झालं. ताकात रवी जोरात फिरवली की ताक तिच्यासोबत गरगरतं आणि धरलं नाही तर भांडंही फिरू लागतं. तसंच इथे इंजिनला जोडलेला पंखा ऑइल फिरवतो आणि ते ऑइल गिअरबॉक्सकडच्या पंख्याला ओढून नेतं. मधल्या तिसऱ्या पंख्यामुळे, गाडी जागेवरून हलताना, टॉर्क जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. ऑइल किती जोराने ओढतं याचा नियम साधा पण कडक आहे : ते आरपीएमच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतं. ब्रेक दाबून पूर्ण रेस दिली की इंजिन ज्या आरपीएमवर अडकतं, त्याला स्टॉल म्हणतात. हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो, समोरच्या इंजिनाबरोबर तो बदलतो.

हिशेब करून पाहू. एका पेट्रोल मोटारीचा कन्व्हर्टर २४ सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि २०० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला तो २,२०० ला अडवतो. त्याच्यापुढे आता ४०० न्यूटन-मीटरचं डिझेल आलं. टॉर्क दुप्पट, म्हणजे आरपीएम दोनच्या वर्गमूळाने वाढणार : २,२०० गुणिले १.४१, सुमारे ३,१००. आपल्या इंजिनाचा गव्हर्नर मात्र २,६०० ला डिझेल तोडतो. म्हणजे कन्व्हर्टर पुरता धरायच्या आतच इंजिन आपल्या कमाल मर्यादेवर जाऊन बसतं. गाडी उचलत नाही, आवाज मात्र फार होतो, आणि ऑइल तापतं. आपल्याला हवा असलेला स्टॉल १,६०० च्या जवळपास आहे. त्यासाठी ओढण्याची क्षमता पावणेचार पट हवी. पाचव्या घाताच्या कृपेने ती व्यास ३० टक्के वाढवून मिळते, म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटर. प्रत्यक्षात पात्यांचा कोन बदलूनही बरंच साधता येतं. पण एवढा मोठा कन्व्हर्टर मूळच्या हाउसिंगमध्ये मावेल का, हे बॉक्स विकत घ्यायच्या आधीच मोजून पाहावं.

उलट्या बाजूलाही मर्यादा आहे. टर्बोच्या डिझेलला स्टॉल फारच खाली, समजा १,१०० ला आणला, तर टर्बो जागा व्हायच्या आत इंजिन अडकतं. हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून मागे काळा धूर निघतो. टॉर्क जिथे चांगला भरू लागतो त्याच्या जरा अलीकडे किंवा तिथेच स्टॉल यावा, असा माझा आग्रह आहे.

आता उष्णता. हा विषय ताथवड्यातल्या माणसाला नकाशावरच दाखवता येतो. सकाळी भूमकर चौकात किंवा पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी गाडी रांगत असते आणि कन्व्हर्टर सतत घसरत असतो. तिथून महामार्गाने मुंबईकडे निघालं की बोरघाट, साताऱ्याकडे वळलं की खंबाटकी. घाटात ८० किलोवॉट ताकद लावून चढताना कन्व्हर्टर १० टक्के घसरला, तर ८ किलोवॉट उष्णता निव्वळ ऑइलमध्ये जाते, आणि चढ संपेपर्यंत जातच राहते. स्टॉलवर तर सगळीच ताकद उष्णता होते : ४०० न्यूटन-मीटर आणि १,५०० आरपीएम म्हणजे ६३ किलोवॉट. म्हणून स्टॉलची चाचणी काही सेकंदांतच उरकावी. ऑइल ८० ते ९५ अंशांच्या आसपास राहिलं तर बॉक्स वर्षानुवर्षं टिकतो. १२० च्या वर ते झपाट्याने जळू लागतं आणि आतल्या क्लचची पानं घसरू लागतात. रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या नळीवर विसंबू नये. वेगळा ऑइल कूलर, त्याला पंखा आणि डॅशबोर्डवर तापमानाचा काटा, एवढं हवंच. लॉक-अप क्लच असलेला बॉक्स मिळाला तर उत्तम, कारण तो लागला की घसरण थांबते. जुन्या ७२७ मध्ये डॉजच्या डिझेलसोबत तो नव्हता. पण लॉक-अप फार खालच्या आरपीएमला लावू नये. चार सिलिंडरच्या इंजिनाचे एका फेऱ्यात दोनच धक्के येतात, तेही डिझेलचे, जोरकस. ऑइलची गादी गेली की ते थेट शाफ्टवर बसतात आणि सगळी गाडी घुमू लागते.

मग प्रश्न येतो गिअर कधी बदलायचा याचा. जुन्या हायड्रॉलिक बॉक्सला दोन बातम्या लागतात : गाडीचा वेग किती आणि चालक किती रेस देतो आहे. वेग बॉक्समधलाच गव्हर्नर सांगतो. पूर्ण रेसवर पेट्रोल इंजिन ४,५०० ला पोचलं की पुढचा गिअर टाकायचा, अशा हिशेबाने त्याच्या स्प्रिंग आणि वजनं बसवलेली असतात. आपलं डिझेल ४,५०० ला कधीच पोचत नाही, त्यामुळे पहिला गिअर सुटतच नाही. स्प्रिंग आणि वजनं बदलली, व्हॉल्व्ह बॉडीत सुधारणा केली, की हे दुरुस्त होतं. रेसची बातमी अनेक पेट्रोल गाड्यांत इनटेकमधल्या व्हॅक्यूमवरून मिळते. डिझेलला तसं व्हॅक्यूमच नाही. मर्सिडीजने नंतरच्या २४० डी मोटारींत काढलेला मार्ग मला फार आवडतो : ब्रेकसाठी इंजिनावर व्हॅक्यूम पंप होताच, त्याच व्हॅक्यूमला डिझेल पंपावरच्या एका व्हॉल्व्हमधून नेलं. रेसचा दांडा जसा हलतो तसं व्हॅक्यूम कमी-जास्त होतं आणि बॉक्सला भार कळतो. आकुर्डीच्या इंजिनावर मर्सिडीजचा बॉक्स बसवू पाहणाऱ्याने हा व्हॉल्व्ह आधी शोधावा.

इलेक्ट्रॉनिक बॉक्सची गोष्ट वेगळी. त्याला इंजिनाच्या संगणकाकडून टॉर्क, आरपीएम आणि पेडलची माहिती हवी असते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला संगणकच नाही. मग पंपाच्या दांड्यावर सेन्सर आणि बॉक्ससाठी स्वतंत्र कंट्रोलर, असा खर्च धरावा लागतो. कॉमन रेल इंजिन घेतलं तर संगणक मिळतो, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे संगणक एकमेकांशी बोलतीलच असं नाही.

ताकदीच्या प्रश्नाचं उत्तर आता लवकर देता येतं. कन्व्हर्टर टॉर्क दुप्पट करतो, म्हणून इंजिनाचे ४०० म्हणजे गिअरवर ८००. बॉक्सच्या माहितीपत्रकात कोणता आकडा दिला आहे, कन्व्हर्टरच्या आधीचा की नंतरचा, तेवढं नीट वाचावं. जोडणीही ट्रकमध्ये तुलनेने सोपी असते. ट्रक-बसच्या इंजिनांची फ्लायव्हील हाउसिंग बहुधा एसएई क्रमांक १, २, ३ अशा ठरलेल्या मापांत येते, आणि बससाठीचे स्वयंचलित बॉक्स त्याच मापांना धरून बनतात. मोटारीचा बॉक्स असेल तर मात्र मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट कातून घ्यावी लागते. तिची मध्यरेषा डायल इंडिकेटरने तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरक पुढे बॉक्सच्या पुढच्या पंपाचं बुश खातो.

कायद्याचं इथेच सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, २००० च्या दुरुस्तीनंतर, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही. मान्य किट लावून इंधन बदलण्यासारख्या मोजक्या सवलती आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम ठामपणे लावून धरलं. रस्त्यावर चालवायच्या गाडीचं काम परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय सुरू करू नका. प्रयोगाची गाडी, शेतावरची गाडी, महाविद्यालयाच्या कार्यशाळेतला नमुना यांवर हे शिकता येतं, आणि ताथवडे परिसरात अशा कार्यशाळा आहेत.

उरलं क्राऊन-पिनियन. डॉजने १९८९ च्या त्याच ट्रकला, तेच इंजिन असताना, साध्या गिअरबॉक्ससोबत साधारण साडेतीनचं गुणोत्तर दिलं आणि स्वयंचलितसोबत ३.०७ चं, कारण तीन गिअरच्या बॉक्सला ओव्हरड्राइव्ह नव्हता. आपल्याकडे जुन्या सीजे३बी जीपमध्ये हे गुणोत्तर ५.३८ आहे. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला आणि इंजिन २,६०० ला थांबतं, तर शेवटच्या थेट गिअरमध्ये जीप ६५ किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. ०.६९ चा ओव्हरड्राइव्ह असलेला चार गिअरचा बॉक्स घेतला तर हीच मर्यादा ९५ च्या जवळ जाते आणि ८० च्या वेगाला इंजिन २,२०० वर चालतं. ओव्हरड्राइव्ह नसलेला स्वस्त बॉक्स मिळत असेल, तर त्याच्या किमतीत पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही क्राऊन-पिनियनची किंमत मिळवून मगच सौदा करा. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये एकच जोडी बदलून भागत नाही.