सही कुणी करायची?

आमचं घर नाशिकला उपनगर भागात. गांधीनगरचा विमानतळ अगदी जवळ. सकाळी कुकर लावावा आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरून हेलिकॉप्टर जावं, हे रोजचंच. मग ही शिट्टी तिसरी की चौथी, याचा हिशोब चुकतो. कधी डाळ कच्ची राहते, कधी बुडाला लागते. लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी संस्था आमच्या शेजारी आहे, हे इथल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. पण त्या हेलिकॉप्टरचा आणि आपल्या घरातल्या मुलीचा काही संबंध असू शकतो, असं निदान माझ्या तरी कधी मनात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. पिंपळगाव बसवंतहून वहिनीचा फोन आला.

"ताई, पोरीने मोबाइलवर एक कागद पाठवलाय. एनसीसीचा आहे, पण विमानाचा. हे म्हणतात, सही करणार नाही. तुम्ही जरा येऊन जा ना."

विमानाचा कागद म्हणजे काय, ते मलाही कळलं नाही. भाचीलाच फोन लावला. ती नुकतीच पुण्याला बीएस्सीला गेली होती, हॉस्टेलवर राहत होती. तिने सांगितलं, की त्यांच्या कॉलेजात एनसीसीची एअर विंग आहे, तिची निवड झालीय आणि पालकांच्या संमतीची सही दोन दिवसांत हवी आहे.

"तुला कधीपासून आवड गं विमानांची?" मी विचारलं.

"आवड कुठली, आत्या! माझ्या रूम पार्टनरला एकटीला जायचं नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. तिथे धावायला लावलं, उंची मोजली. एका सरांनी विचारलं, विमान जवळून पाहिलंयस का? मी म्हटलं, आमच्या द्राक्षबागेवरून रोज जातं. ते हसले. तिचं नाव यादीत आलंच नाही, माझं आलं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पिंपळगाव ओझरपासून जवळ. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली उभा राहिला, तो मिग-२१ विमानांसाठी. पुढे तिथे सुखोई तयार होऊ लागली. दादाच्या बागेत छाटणी चालू असली, की वरून असा काही आवाज जातो की मजुरांचं बोलणं अर्ध्यावर थांबतं. पोरगी अठरा वर्षं त्या आवाजाखाली वाढली. पण यात आपल्यालाही शिरता येतं, हे तिला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, घरात तर नाहीच. सांगितलं कोणी, तर एका घाबरट मैत्रिणीने, तेही न सांगता!

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पिंपळगावला गेले. गाडीत मात्र मला भाचीपेक्षा माझीच आठवण येत होती. मी एफवायबीएला असताना आमच्या कॉलेजात एनसीसीसाठी नावं घेत होते. ती खाकी वर्दीची, म्हणजे आर्मी विंग. मला ती टोपी फार आवडायची, दुसरं काही कारण नव्हतं. फॉर्म घरी आणला, देवघराच्या फळीवर ठेवला. चार दिवस तो तिथेच होता. पाचव्या दिवशी त्यावर आईने वाती वळून ठेवलेल्या दिसल्या. कोणी रागावलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. नुसतं "उन्हात काळी पडशील" एवढं कानावर आलं आणि तारीख निघून गेली. पुढे लग्न, संसार, बचत गटाचं काम, सगळं छान झालं. तक्रार करावी असं काही नाही. तरी पंधरा ऑगस्टला परेड दिसली, की तो फॉर्म डोळ्यांसमोर येतो.

दादा ओट्यावरच बसला होता. म्हणाला, "तू आलीस म्हणजे वकिलीच करणार."

त्याचे प्रश्न काही चुकीचे नव्हते. मुलीच्या बापाला पडतात तेच होते. कॅम्पला दहा-दहा दिवस जायचं, तर राहायचं कुठे? सोबत बाई कोण? उद्या सरकारने लढाईवर पाठवलं तर? अभ्यासाचं काय? आणि विमानात बसवलं आणि काही झालं तर?

मी आदल्या रात्री बसून थोडी माहिती काढली होती. भाचीलाही चार वेळा फोन करून भंडावलं होतं. एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. मुलींसाठी ती दुसऱ्याच वर्षी, १९४९ ला खुली झाली. एअर विंग १ एप्रिल १९५० ची, पहिली दोन पथकं मुंबईला आणि कलकत्त्याला. म्हणजे ही काही आजकालची फॅशन नव्हे. एनसीसी केली म्हणून फौजेत जाण्याची कुठलीही सक्ती नसते, लढाईवर कोणी पाठवत नाही. कॅम्पमध्ये मुलींची राहायची सोय वेगळी असते आणि मुलींना शिकवायला महिला प्रशिक्षक असतात. विमान म्हणजे सुद्धा लढाऊ नव्हे. मायक्रोलाइट नावाचं दोन जणांचं लहानसं विमान असतं, शेजारी प्रशिक्षित वैमानिक बसलेला असतो. तोही नंबर लागला तर. एरवी बहुतेक वेळ जातो तो परेडमध्ये आणि वर्गात. विमान हवेत तरंगतं कसं, इंजिन चालतं कसं, ढग-वारा-पाऊस यांचा उडण्याशी संबंध काय, हे शिकवतात. एरोमॉडेलिंग म्हणजे विमानांच्या लहान प्रतिकृती बनवून उडवणंही असतं.

दादा ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आमच्यात कोणी गेलंय का?"

यावर मला एकदम आमचे सासरे आठवले. अप्पा १९६५ साली कॉलेजात होते. चीनच्या युद्धानंतर, १९६३ पासून एनसीसी कॉलेजच्या मुलांना सक्तीची केली होती. ती १९६८ ला पुन्हा ऐच्छिक झाली. अप्पा त्या सक्तीच्या काळातले. "आम्हाला कोणी विचारलंच नाही, यायचं का म्हणून," असं ते नेहमी सांगतात. पहाटे थंडीत कुडकुडत उभं राहायचं आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या द्यायच्या. पण आजही चपला काढल्या, की दोन्हींची टोकं एका रेषेत लावूनच घरात येतात! मी हे सांगितल्यावर वहिनी म्हणाली, "बघा, पुरुषांना धरून नेलं. आपल्या मुलीला बोलावलंय तर आपण अडवतोय."

वहिनी एरवी दादापुढे फारसं बोलत नाही. त्यामुळे जरा वेळ शांतताच झाली.

मग आतून आई आली. वय त्र्याहत्तर. तिला सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाली, "कर की सही. शिकेल काहीतरी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वेळेला का नाही म्हटलीस मग?"

"मी कुठे नाही म्हटलं होतं?" आई म्हणाली. "तुझ्या बाबांना आवडलं नसतं."

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना तेव्हा कोणी विचारलं होतं का, हे आता कळायला मार्ग नाही. मला वाटतं, फॉर्म त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. मी वाद घातला नाही. आईने चहा टाकला आणि दादाने चष्मा मागितला. सही करताना त्याने प्रत्येक ओळ वाचली. कर्जाच्या कागदावर तो इतकं वाचत नाही.

तेव्हापासून मला एक नादच लागला. कोणाच्या घरी एनसीसीची मुलं असली, की मी विचारते, पहिल्यांदा गेलात कसे? आमच्या बचत गटाच्या बैठकीत विचारलं, तर एकेकीने एकेक सांगितलं. एकीचा मुलगा परेडनंतर नाश्ता मिळतो म्हणून गेला, हे तिने लाजत लाजत सांगितलं. एकीच्या मुलीला पोलीस भरतीत जायचंय, तिथे उपयोग होईल म्हणून ती गेली. एकीकडे मोठ्या भावाचे बूट आयते होते. एकीची मुलगी गणिताच्या तासाला कंटाळून गेली, आणि आता तिथेच वर्गाची लीडर आहे. देशसेवा हा शब्द एकीच्याही तोंडून पहिल्यांदा आला नाही. तो नंतर येतो, वर्दी अंगावर चढल्यावर. त्यात वावगं काय? आपण तरी भिशीला पहिल्यांदा बचतीसाठी गेलो होतो का, की शेजारीण म्हणाली म्हणून?

मोठी नावं पाहिली तरी असंच दिसतं. राफेल उडवणारी पहिली भारतीय महिला शिवांगी सिंह वाराणसीची. लहानपणी दिल्लीला वायुदलाचं संग्रहालय बघितलं आणि विमानांनी तिच्या मनात घर केलं. पुढे शिकत असताना ती एनसीसीच्या ७ यूपी एअर स्क्वाड्रनमध्ये होती. २०१६ ला पहिल्या तीन महिला फायटर पायलट झाल्या, त्यांतली अवनी चतुर्वेदी मध्य प्रदेशातल्या लहानशा गावातली. कॉलेजच्या फ्लाइंग क्लबमध्ये थोडे तास उडायला मिळालं, आणि ते तिला पुरलं. आपल्या नागपूरची अंतरा मेहता २०१९ ला फायटर पायलट झाली, महाराष्ट्रातली पहिली. आणि आमच्या या गांधीनगरच्या मैदानावर २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक हिला लष्कराच्या हवाई दलाचे पंख मिळाले. लष्करातली ती पहिली महिला लढाऊ वैमानिक. तिने आपल्या भावाची पासिंग आऊट परेड बघितली आणि तिथेच ठरवलं. ती ज्या हेलिकॉप्टरवर शिकत होती, त्याच्या आवाजात त्या दिवसांत माझ्या कुकरच्या शिट्ट्या हरवल्या असतील, असं मला आता वाटतं आणि डाळ लागल्याचा राग येत नाही.

मैत्रिणींनो, माझ्यासारख्या कला शाखेच्या बाईने विमानाबद्दल काय सांगावं! पण चौकशी करताना ज्या गोष्टी मला उशिरा कळल्या, त्या तुम्हाला वेळेत कळाव्यात. एअर विंग सगळ्या कॉलेजांत नसते. म्हणून मुलीला आवड असेल तर कॉलेजला प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्या. भरती वर्षाच्या सुरुवातीला होते आणि नंतर वर्षभर कोणी दार उघडत नाही. शाळेत तेराव्या वर्षापासून जाता येतं. दोन वर्षांनी ए सर्टिफिकेट मिळतं. कॉलेजात बी आणि सी. एअर विंगचं सी सर्टिफिकेट असेल, तर वायुदलाच्या वैमानिक शाखेसाठी वेगळा प्रवेश असतो, त्यात लेखी परीक्षा नसते. पण मुलाखती आणि चाचण्या सगळ्या द्याव्याच लागतात, आणि त्या कडक असतात. डोळे तपासतात, उंची तर मोजतातच, पायांची लांबीसुद्धा मोजतात.

आणि एक. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र पाहिजे. हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या वस्तीतली एक हुशार मुलगी दहावीनंतर आर्ट्सला गेली. सायन्सच्या क्लासची फी झेपणार नाही, असं घरात ठरलं. ती धावण्यात सगळ्यांच्या पुढे. मागच्या वर्षी माझ्याकडे आली आणि म्हणाली, काकू, मलाही तुमच्या भाचीसारखं करायचंय. तिला मी काय सांगणार? एनसीसी तिला करता येईल, फौजेत दुसऱ्या शाखांमध्ये जाता येईल, पण वैमानिक होण्याची वाट तिच्यासाठी दहावीच्या निकालानंतरच्या त्या आठवड्यातच बंद झाली होती. तेव्हा ना तिला माहीत होतं, ना तिच्या आईला. मी रोज त्यांच्या दारावरून जात होते, पण मला तरी कुठे माहीत होतं!

आता मुलींसाठी एनडीए उघडली आहे. २०२२ मध्ये आत गेलेल्या पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली ३० मे २०२५ ला पुण्यात खडकवासल्याला पास होऊन बाहेर पडल्या. त्यासाठी तयारी करून घेणारी मुलींची सरकारी संस्था २०२३ पासून आपल्या नाशिकमध्येच आहे. तिथेही दहावीच्या सुमारासच चौकशी करावी लागते, बारावी होईपर्यंत थांबून चालत नाही.

भाचीचं म्हणाल, तर मायक्रोलाइटमध्ये बसायचा तिचा नंबर अजून लागलेला नाही. दोनदा यादीत नाव आलं. एकदा हवा खराब होती, एकदा परीक्षा आडवी आली. यंदा बी सर्टिफिकेट द्यायचंय. पुढे काय करणार म्हणून विचारलं, तर "बघू" म्हणते. हवामान हा विषय तिला फार आवडतो, कदाचित त्यातच पुढे शिकेल. दादाला तर तेच पाहिजे. अवकाळीच्या दिवसांत हल्ली तो टीव्ही लावायच्या आधी पुण्याला फोन लावतो.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजसच्या नव्या विमानाने पहिलं उड्डाण केलं. त्या दिवशी दादाने मला फोन केला. बागेत उभा होता, मागे तोच आवाज होता. मला काही नीट ऐकू येईना. "अगं, तिला सांग," एवढंच तीन-चारदा म्हणाला, आणि काय सांगायचं ते विमानाच्या आवाजातच गेलं.