लॉकेटवर काय कोरायचं? दत्तक मूल, दुसरी भाषा आणि एक छोटासा दागिना

ज्यांना लोकलमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना जिथे मी भरकटलो तिथे थोडं छाटलंय. सगळं नाही.

तर झालं असं, की एका ताईंची व्हॉइस नोट आली. त्यांच्या बहिणीने आणि मेहुण्यांनी 'कारा'मार्फत, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. मुलगी ओडिशाची, घर पिंपरीचं. मावशीचा प्रश्न साधा होता: "दादा, सोन्याचं लॉकेट करतेय. त्यावर जन्मतारीख आणि 'नशिबाने जोडलेले' असं कोरून घेऊ का?"

उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागतील असं वाटलं होतं. चार दिवस लागले.

आधी त्या 'नशिबा'बद्दल. नावं-तारखा कोरलेल्या दत्तक दागिन्यांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे लाल दोरा. चीनने १९९२ मध्ये परदेशी कुटुंबांना मुलं दत्तक द्यायला कायद्याने सुरुवात केली आणि २०२४ मध्ये ते जवळपास पूर्ण बंद केलं. मधल्या काळात दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी गेली, त्यातली निम्म्याच्या आसपास अमेरिकेत, आणि बहुतांश मुली. या अमेरिकन घरांमध्ये लाल दोऱ्याची ब्रेसलेट्स, लाल गाठीची पेंडंट्स खूप चालली. त्यामागची कथा अशी सांगतात, की जे एकमेकांना भेटणार असतात त्यांना एक अदृश्य लाल दोरा जन्मापासूनच बांधलेला असतो.

गंमत म्हणजे मूळ चिनी कथा आईबापांची नाहीच, ती लग्नाची आहे. युए लाओ नावाचा चंद्राखालचा म्हातारा होणाऱ्या नवरा-बायकोच्या पायांना लाल दोरा बांधतो. म्हणजे आपलं 'लग्नाच्या गाठी स्वर्गात' प्रकरण. दत्तक घेणाऱ्या घरांनी ती कथा उचलली आणि आपल्यासाठी वळवली.

आता कोणी म्हणेल, वळवली तर वळवली, प्रेमानेच ना? हो. पण ती मुलं मोठी झाली. त्यातल्या अनेकांनी विचारलं, की मी तुमच्याकडे यावं असं जर नशिबातच होतं, तर माझ्या जन्मदात्या आईने मला सोडावं हेही नशिबातच होतं का? तिच्यावर तर एक-मूल धोरणाचा दबाव होता. ते सरकारचं धोरण होतं, चंद्राखालच्या म्हाताऱ्याचं नाही. मला हा प्रश्न ऐकल्यावर 'नशिबाने जोडलेले' हे शब्द गुळगुळीत वाटेनासे झाले. मावशीला ते गोड वाटतात, पण मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर तेच शब्द तिला टोचू शकतात. तीच गोष्ट 'गॉचा डे'ची. मूल घरी आलं त्या दिवसाला इंग्रजीत असं म्हणतात, आणि 'पकडलं तुला!' असा त्याचा सूर अनेक दत्तक मुलांना अजिबात आवडत नाही. 'घरी आलीस तो दिवस' हे आपलं मराठी कितीतरी बरं.

आता उलट बाजूने बघा. दागिना मुलाच्या खऱ्या गोष्टीशी जोडलेला असेल तर त्याची किंमत काय असते? लंडनला थॉमस कोरमच्या प्रयत्नांनी फाउंडलिंग हॉस्पिटल उभं राहिलं, १७४१ मध्ये पहिली बाळं घेतली. आया बाळ सोडताना एखादी खूण ठेवायच्या: अर्धं कापलेलं नाणं, घासून त्यावर अक्षरं कोरलेला पैसा, कापडाचा तुकडा. पुढेमागे परत न्यायला आलीच, तर ही खूण सांगून बाळ ओळखायचं. खूण बाळाच्या कागदांबरोबर ठेवत, बाळाला देत नसत.

पुढे १८६० च्या दशकात संस्थेने त्यातल्या काही खुणा कागदांपासून काढून प्रदर्शनात मांडल्या. झालं! कुठली खूण कुठल्या बाळाची, ते तुटलं. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, त्यामुळे वाचताना अक्षरशः पोटात गोळा आला. टेबल आहे, रेकॉर्ड आहे, फक्त दोन्हींना जोडणारी की कोणीतरी काढून टाकली. संशोधकांना जुने कागद चाळून त्या जोड्या परत लावत बसावं लागलं.

म्हणून मावशींना माझा पहिला प्रश्न होता: मुलीबरोबर काही आलंय का? काळा दोरा, काचेचा मणी, पितळेचं कडं, फ्रॉक, काहीही. आपल्याकडे एक सवय आहे, जुनं ते मोडीत द्यायचं आणि त्यात भर घालून नवीन करायचं. इथे ते करू नका. कड्याचं सोनं नसेल, चार रुपयांचंही नसेल, तरी आटवू नका, पॉलिशही करू नका. फोटो काढा, कोणी दिलं, कधी दिलं ते तारखेसकट लिहा आणि दोन्ही एकत्र ठेवा. मावशी म्हणाल्या, कमरेला काळा दोरा होता, आजींनी कापून चांदीचा करदोटा घातला. नशीब, कापलेला दोरा आजींच्याच डब्यात होता. (हो, 'नशीब' मीही म्हणालो.)

आता जन्मतारीख. जे मूल सोडून दिलेल्या अवस्थेत सापडतं, त्याचं वय बऱ्याचदा डॉक्टर अंदाजाने ठरवतात आणि त्यावरून तारीख लिहिली जाते. कागदोपत्री ती पक्की, शाळेत तीच चालणार, वाढदिवसही त्याच दिवशी. पण सोन्यात कोरण्याआधी आईबाबांना विचारा, ती तारीख नोंदलेली आहे की अंदाजाची. नावाचंही तसंच. संस्थेत कोणीतरी ठेवलेलं नाव असेल, तरी दोन वर्षं ती त्याच हाकेला वळत होती. नवीन नाव ठेवलं असेल तर जुनं मागच्या बाजूला कोरता येतं.

सध्या अक्षांश-रेखांश कोरायची फॅशन आहे. दिसतं झकास, पण जरा हिशोब करा. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांशानंतर दोन आकडे लिहिले तर साधारण एक किलोमीटरपर्यंत जागा कळते, चार लिहिले तर ११ मीटरपर्यंत. म्हणजे थेट इमारत! ती इमारत म्हणजे संस्था किंवा हॉस्पिटलचा पाळणा असेल, तर ती माहिती गळ्यात लटकवायची का? ती मुलीची खासगी गोष्ट आहे. कोणाला सांगायची ते ती ठरवेल. गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव पुरतं. आणि दागिन्याचा फोटो नाव-तारखेसकट इन्स्टावर टाकू नका, प्लीज.

मग काय कोरायचं? माझं मत: तिचं नाव, एका बाजूला देवनागरीत, एका बाजूला ओडियात. कुठलीही घोषणा नाही. ओडिया लिपी गोल गोल असते, अक्षरांच्या डोक्यावर आपल्यासारखी सरळ रेघ नाही, कमान आहे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ आडवी रेघ ओढली तर पान फाटायचं, म्हणून असं कारण सांगतात. सोन्यावर फार सुंदर दिसते.

पण इथे खरा धोका टेक्निकल आहे. कोरणाऱ्या दुकानातलं सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं फुटतात, मात्रा सुट्या होतात, आणि सोनाराला ओडिया येत नसेल तर त्याला चूक दिसणारही नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर टाइप केलेला मजकूर पाठवू नका. नाव नीट टाइप करून, अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करून एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. त्याआधी ओडिया वाचणाऱ्या माणसाला दाखवा. पिंपरी-चिंचवडमध्ये ओडिया माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. माझ्या टीममध्येच दोघं आहेत. आणि ती ओळख पुढे मुलीलाही उपयोगी पडेल. भाषा लॉकेटवर आणि घरात कोणीच बोलत नाही, हे जरा विचित्रच.

ताईंनी कटकच्या तारकशीबद्दलही विचारलं. चांदीच्या बारीक तारा वळून केलेलं काम, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घ्या, जरूर घ्या, पण दोन वर्षांच्या मुलीला घालू नका. तारा नाजूक, फ्रॉकमध्ये अडकतात, वाकतात. काचेच्या चौकटीत भिंतीवर लावा, ती मोठी झाली की काढून घालेल. आपले वाळे, बिंदल्या आजींकडून येतीलच. दोन्ही असू देत, कुठलं 'खरं' हा प्रश्नच काढू नका.

सुरक्षेचं पटकन सांगतो. एवढ्या लहान मुलाच्या गळ्यात झोपताना काहीही नको. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये दात येताना घालायच्या माळांबद्दल इशारा दिला, त्यात झोपेत माळेने गळा आवळून दगावलेल्या दीड वर्षाच्या बाळाचा उल्लेख आहे. सुटे मणी, घुंगरू तोंडात जातात. स्वस्त चकचकीत दागिन्यात शिसं, कॅडमियम असू शकतं. निकेलने पुरळ येतं. सोनं घेताना सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. मात्र दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि लहान मुलांची पेंडंट्स बरेचदा तेवढीच असतात. त्यामुळे पावतीवर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

शेवटी ताईंनी विचारलं, ती मोठी झाल्यावर मूळ शोधायला गेली तर? कायद्याने वाट आहे. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार १८ वर्षांनंतर ती स्वतः अर्ज करू शकते. तिच्या वतीने तिसरा माणूस नाही. तेव्हा तिच्या हातात काय असेल ते आत्ता तुम्ही सांभाळताय. म्हणून लॉकेटच्या डबीत ती पावती नको, पावती फायलीत ठेवा. डबीत काळा दोरा आणि आजींच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. तारखेसकट.