वरसाव्याची ओळ

काही वर्षांपूर्वी मी घरांची एक यादी संगणकावरच्या नकाशावर बसवत होतो. वरसाव्याची घरे थेट अंधेरीच्या समुद्रकाठी जाऊन बसली. दोष यंत्राचा नव्हता, लिपीचा होता. मराठीत आपण अंधेरीच्या कोळीवाड्याला वेसावे म्हणतो आणि घोडबंदरजवळ, वसईच्या खाडीकाठी असलेल्या गावाला वरसावे. इंग्रजीत उतरताना दोन्हींचे ‘वर्सोवा’ होते. महामार्गावरचा खाडीपूलही त्याच नावाने ओळखला जातो. म्हणून आकडेवारी हाताळणाऱ्याचा पहिला धडा असा, की गाव नावाने शोधू नये, सांकेतांकाने शोधावे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या प्रत्येक खेड्याला सहा आकडी स्वतंत्र सांकेतांक आहे.

वरसाव्याची अडचण मात्र याहून खोल आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत असल्यामुळे त्याला खेड्याचा असा सांकेतांकच नाही. १९५१ पासून निघणाऱ्या जिल्हा जनगणना पुस्तिकांमध्ये प्रत्येक खेड्याला स्वतःची एक ओळ मिळते. कुटुंबे, स्त्री-पुरुष, साक्षर, काम करणारे, सारे त्या ओळीत असते. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, पुढे वरसावेही तिच्या हद्दीत आले आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. गाव शहरात आले तेव्हा त्याची ओळ गेली आणि माणसे प्रभागाच्या बेरजेत मिसळली. प्रभागांच्या सीमाही बदलत राहतात. त्यामुळे दोन जनगणनांची तुलना करण्याआधी आपण एकाच जमिनीबद्दल बोलतो आहोत ना, हे नकाशावर तपासावे लागते.

बेरजेनंतर येते सरासरी. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजार झाली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. शहराचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला दहा हजारांवर माणसे. गणित बरोबर आहे, पण भाईंदरच्या इमारतीत राहणाऱ्याला हा आकडा कमी वाटेल आणि वरसाव्याच्या डोंगराकडच्या पाड्यावर राहणाऱ्याला फार जास्त. कारण त्या ७९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, खारफुटी आहे, मिठागरे आहेत. घनता काढायची तर आधी राहती जमीन वेगळी करावी आणि मग भागाकार करावा.

व्याख्याही अशाच तपासाव्या लागतात. घरयादीत पिण्याच्या पाण्याचा स्रोत आवारात, जवळ की दूर, असा प्रश्न असतो. २०११ मध्ये ‘जवळ’चा अर्थ ग्रामीण भागात ५०० मीटरच्या आत असा होता आणि शहरी भागात १०० मीटरच्या आत. तीनशे मीटरवरची विहीर खेड्यात ‘जवळ’ मोजली जाते आणि तीच हद्द शहरात गेली की ‘दूर’. विहीर तिथेच असते, हंडा वाहणारी बाईही तीच असते, तरी तक्त्यात फरक दिसतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कुणी विचारेल. उत्तर घराच्या हक्कात आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याखाली आदिवासी कुटुंबाला वनजमिनीवरचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. राष्ट्रीय उद्यानातील जमीनही या कायद्याच्या कक्षेत येते. २००८ च्या नियमांमधील तेराव्या नियमात कोणते पुरावे चालतील याची यादी आहे. गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रहचित्रे, प्रत्यक्ष घरे आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन ही त्यांतली काही. एकाहून अधिक प्रकारचा पुरावा लागतो. पुस्तिकेतली जुनी ओळ कुणाच्या घराचे नाव सांगत नाही, पण त्या गावात त्या वर्षी किती माणसे राहत होती हे सांगते. आजीच्या सांगण्याला ती ओळ जोडली, की दाव्याला आधार मिळतो. पुढची ओळच नसेल तर आजीला एकटीलाच बोलावे लागते.

म्हणून अशा गावासाठी मी चार कागद एकत्र ठेवतो: जुन्या पुस्तिकेतली ओळ, भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, आजच्या प्रभागाचा तक्ता आणि उपग्रहचित्र. मग तिथल्या जाणत्या माणसांबरोबर चालत जाऊन पाड्यांची नावे त्यांच्याच उच्चारात नकाशावर लिहून घेतो. ज्या पाड्याचे नाव चारही कागदांत नसते, तिथे सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता २०२७ ची जाहीर झाली आहे. प्रगणक आपल्या गटाचा नजरी नकाशा काढतो. तो दारी आला, की आपले घर मोजले का एवढेच विचारून थांबू नये. मागच्या डोंगराकडचा पाडा नकाशात आला का, आणि कोणत्या नावाने आला, हेही विचारावे.