दमट हवेतलं नाक

डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात चढून गेलं की गोदी नजरेत भरते. थोडं पलीकडे दारूखाना, जिथं वर्षानुवर्षं जुनी जहाजं तोडली गेली, गॅसकटरनं पत्रे कापले गेले. माझगावच्या म्हातारपाखाडीतल्या ओट्यावर बसलेल्या आजीच्या आणि दारूखान्यातल्या कटरवाल्याच्या नाकात जाणारी हवा एकच कशी असेल? हवेच्या प्रतीचा आकडा मात्र दोघांना एकच मिळतो: 'माझगाव' केंद्राचा.

हा आकडा हवेची प्रत मोजणाऱ्या 'सफर'चा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१५मध्ये मुंबईत हे जाळं सुरू केलं. २०२१-२२ आणि २०२२-२३च्या हिवाळ्यांत 'अतिवाईट' हवेच्या बातम्यांत माझगावचं नाव पुन्हा पुन्हा आलं. केंद्रावरची यंत्रं भरवशाची, पण महागडी. ती गल्लोगल्ली बसवता येत नाहीत. तिथं उपयोगी पडू शकतो नॅनोकणांचा सेन्सर.

कथिलाच्या ऑक्साइडचे बारीक कण एकमेकांना चिकटवून पातळ थर करायचा आणि तो दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापवायचा. हवेतला ऑक्सिजन कणांवर बसतो आणि त्यांतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. कार्बन मोनॉक्साइड आला की तो हा ऑक्सिजन खर्ची घालतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात, विजेची वाट मोकळी होते. ट्रकच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उलट आणखी इलेक्ट्रॉन पळवतो आणि रोध वाढतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२मध्ये असा सेन्सर घडवला, तो घरातल्या गॅसगळतीसाठी. पुढे कळलं की कण सहा नॅनोमीटरच्या आसपास आला की संवेदनशीलता एकदम वाढते, कारण मग पृष्ठभागावरची ही ओढाताण कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. आणि गरजही तशीच आहे: आपल्याकडे नायट्रोजन डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंमागे जेमतेम बेचाळीस.

महाराष्ट्रात यावर बरंच काम झालं आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयासारख्या गावाकडच्या प्रयोगशाळेतून वायुसेन्सरवरचे शोधनिबंध निघाले, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण प्रयोगशाळेतली कोरडी हवा वेगळी आणि माझगावची खारी, दमट हवा वेगळी. पाण्याचे रेणू त्याच कणांवर जागा अडवतात. शिवाय सेन्सरचं हे नाक एका वासाला दुसरा समजतं. म्हणून वेगवेगळ्या धातूंचा अंश मिसळलेले चारपाच सेन्सर एकत्र बसवून त्यांचा ताळा घ्यावा लागतो. धुळीचे कण तर याला कळतच नाहीत, त्यासाठी प्रकाशावर चालणारं वेगळं उपकरण लागतं. काही शे रुपयांचा सेन्सर खिडकीत टांगून त्याचा आकडा खरा मानणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे.

माझ्या मते अशा सेन्सरांचा डबा आधी माझगावच्या केंद्राशेजारी ठेवावा. जूनचा पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा, जानेवारीचं धुरकं, सगळं त्याला पाहू द्यावं. रोज मोठ्या यंत्राशी ताडून पाहावं. जुळलं, की मग त्याला दारूखान्यात, त्या कटरवाल्याच्या उंचीवर टांगावं.