सोळा कड्यांची टोपी

व्हिएतनामच्या भातखाचरात वाकून काम करणाऱ्या बाईच्या डोक्यावर शंकूच्या आकाराची टोपी हमखास दिसते. तिचं नाव ‘नॉन ला’. हा आकार निव्वळ शोभेचा नाही. उतारावरून पाऊस झरझर ओघळून जातो, रुंद घेरामुळे मान आणि खांदे सावलीत राहतात आणि टोकाखालच्या पोकळीमुळे तापलेलं पान डोक्याला चिकटत नाही. ऊन फारच चढलं तर टोपी पाण्यात बुडवून घालतात. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता शोषून घेतं आणि डोकं गार राहतं. माठातलं पाणी थंड होतं तेही याच तत्त्वाने.

हनोईजवळचं चुओंग हे गाव या टोप्यांसाठी प्रसिद्ध आहे. ताडवर्गीय झाडाची कोवळी पानं आधी उन्हात वाळवतात, मग तापवलेल्या लोखंडावर दाबून सपाट करतात. आच जास्त झाली तर पान करपतं, कमी पडली तर चुण्या तशाच राहतात. लाकडी साच्यावर बांबूच्या साधारण 16 कड्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, बसवून त्यांवर पानं पसरतात आणि बारीक टाक्यांनी शिवतात. हे काम मुख्यतः बायकाच करतात.

ह्युए शहरातल्या कारागिरांनी यात कविताही गुंफली. पानांच्या दोन पातळ थरांमध्ये ते ओळी किंवा चित्रं कापलेला कागद ठेवतात. टोपी उजेडासमोर धरली की ती अक्षरं उमटतात. रोजच्या गरजेच्या वस्तूवर इतकी मेहनत घेणारे हे हात कलावंताचेच आहेत.