फुंकर कोणाची, सही कोणाची?

मराठी घरात काच आली ती नेहमीच निनावी. बांगड्या, बरण्या, आरसे, जुन्या वाड्यांतल्या हंड्या आणि झुंबरे. ओगलेवाडीच्या कंदिलाला ‘प्रभाकर’ हे नाव होते, पण ते कारखान्याने दिलेले. तो कोणाच्या हातून घडला हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. काचेशी आपले नाते मात्र जिव्हाळ्याचे. इतके की बांगडी फुटली तरी आपण ‘वाढली’ म्हणतो.

गेल्या साठ वर्षांत हीच काच जगभरच्या संग्रहालयांत शिल्प म्हणून उभी राहिली आहे. पेला नव्हे, झुंबर नव्हे, खिडकीची तावदानेही नव्हेत. संगमरवर आणि कांस्य यांच्या पंक्तीला बसलेले स्वतंत्र माध्यम. शिल्प झाले म्हणजे शिल्पकार आला आणि शिल्पकार आला म्हणजे सही आली. या माध्यमाविषयी वाचत गेलो तसा एक प्रश्न माझा पिच्छा सोडेना. काचशिल्पावर ज्याची सही असते, त्याची फुंकर त्यात असतेच असे नाही. मग ते शिल्प कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी काचेचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

काचेचा स्वभाव

काच म्हणजे मुख्यतः वाळू. वाळूतील सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सियस तापमान लागते. त्यात सोडा घातला की ते बरेच खाली येते आणि चुना घातला की तयार झालेली काच पाण्यात टिकते. या मिश्रणाचे वैशिष्ट्य असे की बर्फासारखा याला ठरावीक वितळबिंदू नसतो. चिक्कीचा पाक आठवावा. कढईत तो वाहता असतो, उतरवला की दाट होत जातो, काही क्षण हवा तसा वळतो आणि मग कडक होऊन तडकतो. काचेचेही तसेच. भट्टीतून सुमारे ११०० अंशांवर बाहेर काढलेला गोळा मधासारखा ओघळतो. घडणीला मिळतो तो काही क्षणांचा अवधी. तो संपला की गोळा पुन्हा भट्टीच्या तोंडाशी न्यायचा, मऊ करायचा, पुन्हा आणायचा. या सगळ्या वेळात लोखंडी फुंकनळी सतत फिरती ठेवावी लागते, नाहीतर गोळा एका बाजूला लोंबतो.

म्हणूनच मोठे काम एकट्याने होत नाही. एकजण भट्टीतून काच उचलतो. उस्ताद बाकावर बसून भिजवलेल्या लाकडी साच्याने किंवा ओल्या वर्तमानपत्राच्या घडीने आकार देतो. त्याच वेळी नळीच्या दुसऱ्या टोकाला कोणी गुडघे टेकून फुंकत असतो आणि उस्तादाचा हात भाजू नये म्हणून आणखी कोणी मध्ये लाकडी फळी धरतो. बोलायला वेळ नसतो. काम खुणांवर चालते.

घडण संपली तरी धोका टळत नाही. काच बाहेरून लवकर निवते आणि आतून उशिरा. त्या ओढाताणीत ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही तडकते. म्हणून ती सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून अगदी सावकाश निववावी लागते. पेल्याला एक रात्र पुरते, जाड शिल्पाला आठवडे आणि महिने लागतात. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी २०० इंच व्यासाची काचेची तबकडी १९३४ मध्ये कॉर्निंग या गावी ओतली गेली, ती निववायला दहा महिने लागले होते.

एकट्याचे स्वप्न

याच कॉर्निंग गावात १९२२ साली हार्वे लिट्लटन यांचा जन्म झाला. वडील तिथल्या काच कारखान्यात भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या पत्नीने, म्हणजे हार्वे यांच्या आईने, १९१३ साली बॅटरीच्या काचपात्राच्या कापलेल्या बुडात केक भाजून पाहिला आणि त्यातूनच पुढे पायरेक्सची भांडी निघाली. अशा घरात वाढलेल्या हार्वे यांनी मात्र मातीकाम पत्करले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात ते शिकवू लागले. त्यांना एक गोष्ट खटकत असे. कुंभार स्वतः माती मळतो, स्वतः चाक फिरवतो, स्वतः भाजतो. काचेत मात्र चित्र काढणारा वेगळा आणि फुंकणारा वेगळा. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ साली काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या तेव्हापासून ही कला कारखान्यांच्या आणि घराण्यांच्या हाती होती. कलावंताने आपल्या भट्टीवर स्वतः काच का घडवू नये?

मार्च १९६२ मध्ये ओहायोतील टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारातील एका गॅरेजमध्ये लिट्लटन यांनी कार्यशाळा भरवली. स्टुडिओ काच चळवळीचा आरंभ तिथून मानला जातो. त्या आठवड्याचा तपशील पाहण्यासारखा आहे. पहिल्या प्रयत्नात काच जमेना. तेव्हा डॉमिनिक लबिनो या तंत्रज्ञाने भट्टीची रचना बदलायला सांगितली आणि काचतंतू बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गोट्या वितळवायला दिल्या. त्या कमी तापमानाला छान मऊ झाल्या. पण फुंकायचे कसे? लिबी काच कारखान्यातून निवृत्त झालेले हार्वे लीफग्रीन नावाचे कारागीर तिथे आले आणि त्यांनी नळी हातात घेऊन दाखवले.

म्हणजे एकट्या कलावंताच्या स्वातंत्र्याचे हे स्वप्न उभे राहिले ते एका तंत्रज्ञाच्या गोट्यांवर आणि एका निवृत्त कामगाराच्या फुंकरीवर. चळवळीच्या इतिहासात ही दोन्ही नावे नोंदली गेली, हे त्या इतिहासाचे मोठेपण. नंतर तसे नेहमीच घडले नाही.

बाकावरून उठलेला उस्ताद

लिट्लटन यांच्या शिष्यांपैकी सर्वांत गाजले ते डेल चिहुली. जन्म १९४१, वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहरी. १९६८ मध्ये ते व्हेनिसला वेनिनी कारखान्यात गेले आणि तिथे त्यांना गुरूच्या शिकवणीच्या नेमके उलट दृश्य दिसले. माणसांचा संच एखाद्या वाद्यवृंदासारखा काम करत होता. तो संचच त्यांनी अमेरिकेत आणला. १९७१ मध्ये त्यांनी सिएटलच्या उत्तरेला पिलचक काचविद्यालय सुरू केले, त्यासाठी जागा आणि आधार दिला हॉबर्ग दांपत्याने.

१९७६ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात चिहुली यांचा डावा डोळा गेला. एका डोळ्याला खोलीचा अंदाज येत नाही आणि तापलेल्या काचेजवळ तो अंदाज चुकून चालत नाही. १९७९ मध्ये समुद्रात खेळताना खांदा निखळला. तेव्हापासून ते बाकावरून उठले. ते कागदावर रंगांचे फटकारे मारून कल्पना मांडतात, फुंकतात इतर. त्यांची प्रचंड कामे यानंतरचीच आहेत. लास वेगासच्या बेलाजिओ हॉटेलमधील १९९८ चे छत सुमारे २००० काचफुलांचे आहे. व्हेनिसच्या कालव्यांवर १९९६ मध्ये टांगलेल्या झुंबरांचे भाग फिनलंड, आयर्लंड, मेक्सिको आणि मुरानो इथल्या कारागिरांबरोबर घडवले होते. एकट्याच्या हातून यातले काहीच होणे नव्हते.

या कामांवर नाव एकच, चिहुली. आणि ते नाव किती मोलाचे आहे हे २००५ साली न्यायालयात दिसले. आपल्या शैलीची नक्कल केल्याबद्दल चिहुली यांनी दोघांवर खटला भरला. त्यांतील एकजण त्यांच्यासाठीच वर्षानुवर्षे काच फुंकत आलेला होता. समुद्राच्या लाटांसारख्या, वेड्यावाकड्या कडांच्या आकारावर कोणाची मालकी असू शकते? तो आकार गरम काच स्वतःच्या वजनाने घेते, त्याचे काय? आणि ज्या हातांनी तो हजारदा घडवला, त्या हातांनी तो विसरायचा कसा? २००६ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे न्यायालयाचा निवाडा आला नाही. प्रश्न मात्र राहिला.

चिहुली यांनी काही लपवले असे नाही. संचाच्या कामाचे त्यांच्याकडे उघड प्रदर्शन असते. तरीही प्रेक्षक दालनातून बाहेर पडतो तो एकच नाव घेऊन.

दोघांची सही

सही निराळ्या रीतीने करता येते हे याच काळात चेकोस्लोव्हाकियात दिसत होते. झेलेझनी ब्रोद हे तिथले काचकामाचे छोटे गाव. यारोस्लावा ब्रिख्तोवा या तिथल्या काचशाळेतील शिक्षकाची मुलगी, स्वतः शिल्पकार. १९५४ मध्ये स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की हे चित्रकार शाळेचे संचालक म्हणून आले. त्यांनी काढलेले, मस्तकाच्या आकाराच्या भांड्याचे रेखाचित्र ब्रिख्तोवा यांनी पाहिले आणि ते काचेत घडवू का, असे विचारले. त्यातून सुरू झालेले सहकार्य लिबेन्स्की २००२ मध्ये वारले तोपर्यंत चालले. १९६३ मध्ये त्यांनी विवाह केला. ब्रिख्तोवा २०२० मध्ये गेल्या.

त्यांची काच फुंकलेली नव्हती, साच्यात वितळवलेली होती. लिबेन्स्की कोळशाने रेखाटत. ब्रिख्तोवा त्याचे मातीत शिल्प करत. त्यावरून साचा निघे, साच्यात काचेचे तुकडे भरून भट्टी तापवली जाई आणि मग दीर्घकाळ निववणे. या पद्धतीतले मर्म जाडीत आहे. एकाच रंगाची काच पातळ असेल तिथे फिकी दिसते, जाड असेल तिथे गडद. म्हणून हे दोघे शिल्पाच्या पोटात पोकळ्या ठेवत. वरून साधा दिसणारा ठोकळा उजेडात धरला की आतून उजळतो आणि काळोखतो. दगडाच्या शिल्पात पृष्ठभाग दिसतो, इथे आतला भाग दिसतो. काचशिल्प हे फक्त चमकदार शिल्प नव्हे, हे पटवून देणारे असे दुसरे काम मला माहीत नाही.

मॉन्ट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात त्यांची कामे पाहून चिहुलींसकट अनेक अमेरिकन तरुण थक्क झाले. पुढचे प्रदर्शन ओसाकाला १९७० मध्ये भरले. मधल्या काळात, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. ओसाकासाठी या दोघांनी ‘जीवनाची नदी’ हे २२ मीटर लांबीचे काचशिल्प केले आणि नदीच्या गोठलेल्या भागावर सैनिकी बुटांचे ठसे उमटवले. अधिकाऱ्यांच्या लक्षात आल्यावर ते काढून टाकायला लावण्यात आले. काचेला लोक शोभेची वस्तू समजतात, त्यामुळे चित्रकाराला न मिळणारी मोकळीक काचकाराला मिळे. त्या मोकळिकीची हद्द कुठे संपते तेही या प्रसंगात दिसले.

या दांपत्याची सही नेहमी दोघांची असे. कल्पना त्याची आणि हात तिचे, अशी वाटणी त्यांनी मान्य केली नाही. कारण रेखाचित्रातील काळोख मातीच्या किती खोलीत उतरवायचा हा निर्णय हातांचाच असतो. अर्थात साचे भरणारे, घासणारे कारखान्यातील कामगार तिथेही सहीबाहेरच राहिले.

मुरानोहून फिरोजाबादेपर्यंत

उलट दिशेचा प्रवास लिनो ताल्यापिएत्रा यांचा. १९३४ मध्ये मुरानोवर जन्म, अकराव्या वर्षी भट्टीवर उमेदवारी, एकविसाव्या वर्षी ‘माएस्त्रो’. तिशी, चाळिशी इतरांची चित्रे काचेत उतरवण्यात गेली. १९७९ मध्ये ते पिलचकला शिकवायला गेले. ज्या बेटावरच्या कारागिराला एके काळी गाव सोडायलाही कायद्याने बंदी होती, तिथे ही फितुरीच ठरली. पण अमेरिकेने त्यांच्याकडून तंत्र घेतले आणि त्यांनी अमेरिकेकडून एक धीट कल्पना घेतली : कारागीर स्वतःचीही कल्पना घडवू शकतो. आज त्यांच्या नावाची शिल्पे संग्रहालयांत आहेत.

आपल्याकडे हा प्रवास अजून अर्धवट आहे. दिल्लीच्या हेमी बावा यांनी साच्यातील काचशिल्प भारतात रुजवले, २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण काचेचा सर्वांत मोठा हातखंडा आहे तो उत्तर प्रदेशातील फिरोजाबादेत, जिथून आपल्या बांगड्या येतात. फ्रेंच शिल्पकार जाँ-मिशेल ओतोनिएल भारतात फिरताना रस्त्याकडेला रचलेल्या विटांच्या ढिगांकडे आकर्षित झाले आणि त्यांनी फिरोजाबादच्या कारागिरांकडून काचेच्या विटा फुंकून घ्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये पॅरिसच्या पती पाले संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून अशा निळ्या विटांची नदी वाहवली होती. ओतोनिएल फिरोजाबादचे ऋण मानतात, गावाचे नाव घेतात. पण गाव म्हणजे माणूस नव्हे.

मला वाटते, उत्तर आपल्या हाताशीच आहे. चित्रपट दिग्दर्शकाचाच असतो, तरी श्रेयनामावलीत छायाचित्रकारापासून रंगभूषाकारापर्यंत सगळे येतात. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकाराचे नाव असते आणि त्यामुळे नाटककार लहान होत नाही. काचशिल्पाखालच्या पाटीवर कल्पना कोणाची, घडण कोणाची आणि भट्टी कुठली, एवढ्या तीन ओळी लिहिल्या तर कलावंताचे काही हरवणार नाही. फिरोजाबादच्या भट्टीवरील एखाद्या पोराला मात्र आपल्या फुंकरीला नाव असते हे कळेल. ताल्यापिएत्रा यांना ते कळायला वयाची पंचेचाळीस वर्षे आणि एक महासागर ओलांडावा लागला होता.