भिंतीवरचे चित्र, ओट्यावरचे आजोबा

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळ यंत्रमागांच्या खटखटीने उजाडते. दारात सडा पडतो, रांगोळी उमटते आणि उन्हाचा चटका वाढण्यापूर्वी घरातील ज्येष्ठ मंडळी ओट्यावर येऊन बसतात. समोर असते एक भिंत. कुठे पोपडे निघालेली, कुठे जुन्या जाहिरातींनी झाकलेली, कुठे तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी माखलेली. आहारात काय असावे, किती पावले चालावे, याचा हिशेब आपण ठेवतो. जी भिंत दिवसाचे कितीतरी तास डोळ्यांसमोर असते, तिचा मनाशी काही संबंध असेल का, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

हे शहर कापडावर वाढले. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यांवर एकेकाळी येथील घरांची दिनचर्या चाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक थंडावल्या. पगार थांबला, भोंगा थांबला आणि पाळी सुटल्यावर कोपऱ्यावर रंगणाऱ्या गप्पाही थांबल्या. ज्या गल्लीत कोणी थांबत नाही, त्या गल्लीत वृद्धांनाही बाहेर पडावेसे वाटत नाही. मग गुडघे आखडतात, बोलणे कमी होते आणि दिवस खोलीच्या चार कोपऱ्यांत संपतो. एकाकीपणाचा आरोग्यावरील परिणाम इतका गंभीर आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांसाठी स्वतंत्र आयोग नेमला.

अशा वस्तीतील भिंत रंगवली तर काय होते? याचे आपल्या राज्यातील एक ठळक उदाहरण म्हणजे मुंबईतील घाटकोपरची असल्फा टेकडी. मेट्रोच्या खिडकीतून रोज हजारो प्रवासी ही दाटीवाटीची वस्ती पाहत; पण ती त्यांच्या लक्षात राहत नसे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ या उपक्रमातून स्वयंसेवक आणि रहिवासी यांनी मिळून तेथील घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगांनी आणि चित्रांनी सजविल्या. टेकडीची छायाचित्रे पाहता पाहता सर्वत्र पोहोचली. ज्या वस्तीचा पत्ता सांगताना संकोच वाटावा, तिचे छायाचित्र लोक एकमेकांना कौतुकाने दाखवू लागले.

या कौतुकापलीकडे काही उरते का, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९८४ पासून सार्वजनिक भित्तिचित्रांचा मोठा उपक्रम चालतो. त्याचाच एक भाग असलेल्या ‘पोर्च लाइट’ या प्रकल्पात मानसिक आजाराशी किंवा व्यसनाशी झुंजणारी माणसे आणि त्यांचे शेजारी एकत्र बसून चित्राचा विषय ठरवीत आणि एकत्रच रंगवीत. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी या वस्त्यांची इतर वस्त्यांशी तुलना केली. नव्या चित्रांच्या परिसरात शेजाऱ्यांवरील विश्वास आणि एकमेकांसाठी पुढे येण्याची तयारी तुलनेने वाढलेली आढळली. मानसिक आजाराविषयीचा कलंकभावही तुलनेने घटला होता. यातील मर्म एकत्र बसण्यात असावे. बाहेरच्या कंत्राटदाराने रातोरात रंगवलेल्या भिंतीकडून इतकी अपेक्षा करता येणार नाही.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. रंगाने नळाला पाणी येत नाही आणि गटार झाकले जात नाही. असल्फाच्या कौतुकाबरोबर हा प्रश्नही विचारला गेला आणि तो रास्तच होता. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील इह्वा ही उतारावरची जुनी वस्ती भित्तिचित्रांमुळे प्रसिद्ध झाली. छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी गर्दी लोटली, की घरातील माणसांना विसावा मिळेना. अखेर २०१६ मध्ये काही रहिवाशांनीच जिन्यांवरील फुलांची आणि माशांची चित्रे रंग फासून बुजवली. याउलट केनियातील किबेरा या झोपडवस्तीत २००९ साली जेआर या फ्रेंच कलावंताने तेथील स्त्रियांच्या चेहऱ्यांची प्रचंड छायाचित्रे घरांच्या पत्र्यांवर पसरली. त्यासाठी त्याने पाणी न झिरपणारे कापड निवडले. चित्र आभाळाकडे पाहत राहिले आणि त्याखालच्या घराला पावसापासून आडोसा मिळाला. वस्तीच्या पदरात काय पडले, हीच अशा चित्राची खरी कसोटी.

म्हणूनच छायाचित्र कोण काढतो, याला महत्त्व येते. १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोघींनी चीनच्या युनान प्रांतातील खेड्यांमधल्या स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. स्त्रियांनी आपले रोजचे जगणे टिपले, छायाचित्रांभोवती बसून चर्चा केली आणि आरोग्याच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या. ‘फोटोव्हॉइस’ या नावाने ही पद्धत आता जगभर वापरली जाते. पाहुणा चित्रापुरती चौकट धरतो. तेथे राहणारा माणूस मात्र चित्राशेजारचे उघडे गटार, बंद पडलेला दिवा आणि उखडलेली फरशीही चौकटीत घेतो. असे छायाचित्र महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रारीसोबत जोडता येते.

हे काम ज्येष्ठांचे नव्हे, असे कोणी म्हणेल. पोर्तुगालमध्ये २०१२ पासून ‘लाटा ६५’ हा उपक्रम चालतो. ‘लाटा’ म्हणजे रंगाचा डबा. पासष्टीच्या आसपासची आणि त्याहून थोर मंडळी तेथे हातात फवाऱ्याचे डबे घेऊन रस्त्यावरची भिंत रंगवायला शिकतात. आपल्या सोलापुरात तर रंगाची आणि नक्षीची जाण असलेल्या वृद्धांची वाण नाही. ज्यांनी उभे आयुष्य जॅकार्डच्या मागावर चादरी विणल्या, त्यांना नक्षी कोठे संपते आणि पुन्हा कोठून सुरू होते, हे कोणी शिकवावे लागत नाही. ज्या आजी साठ वर्षे दारात ठिपके मांडून रांगोळी काढत आल्या, त्यांची नजर कोणत्याही चित्राचा तोल क्षणात हेरते. जगप्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म याच जिल्ह्यातील पंढरपूरचा. मुंबईत त्यांनीही आरंभी चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरले होते. रस्त्यावरच्या चित्राला कमी लेखण्याचे कारण नाही.

घरातील ज्येष्ठांसोबत आठवड्यातून एकदा ‘भिंतीची फेरी’ काढून पाहावी. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी घरी परतावे. पाण्याची बाटली, टोपी आणि पायात नीट बसणारी चप्पल असावी. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी निघू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालता चालता मोबाइलच्या पडद्यात पाहू नये. थांबावे, पाय स्थिर करावेत, आधार घ्यावा, मगच छायाचित्र काढावे. हात कापत असेल तर मोबाइल सोबत्याने धरावा आणि काय टिपायचे ते आजोबांनी सांगावे. निवड त्यांची असली, की छायाचित्रही त्यांचेच. कोणाच्या दारातील चित्र असेल तर आधी विचारावे. विचारण्यातूनच ओळख होते.

स्मरणशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीसोबत असताना “हे कोणते ठिकाण, सांगा बरे?” अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर न सुचल्यास मन खट्टू होते. “हा निळा रंग पाहून काय आठवते?” असे विचारावे. एखादा पत्रा, एखादा दरवाजा किंवा भिंतीवरचे मागाचे चित्र पन्नास वर्षांपूर्वीची पाळी जागी करते आणि अबोल माणूस बोलू लागतो. हा आजारावरचा उपचार नव्हे. पण तेवढी सकाळ सुखाची जाते, हेही थोडे नाही. सांभाळ करणाऱ्यालाही त्या वेळात औषधांच्या वेळापत्रकापलीकडचे आपले माणूस भेटते.

परतल्यावर दोन छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घ्यावीत. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना मोबाइलवरचे बारीक चित्र नीट दिसत नाही. एक प्रत घरात लावावी आणि दुसरी, ज्यांच्या भिंतीचे चित्र काढले त्यांना नेऊन द्यावी. ती द्यायला जाताना आजोबांना पुन्हा एकदा उंबरठा ओलांडावा लागेल, आणि त्या घरी कोणीतरी त्यांना म्हणेल, “या, बसा, चहा घेऊनच जा.”